आमची वाटचाल : दुकानांच्या पाट्यांपासून नेत्रविकारांच्या चित्रफलकांपर्यंत

वडिलांनी अंबाजोगाईत पाट्या रंगवण्याचा व्यवसाय सुरू केला तेव्हा किराणा दुकानांचे फलक, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरील नावे आणि निवडणुकीच्या दिवसांत गावोगावच्या भिंती एवढ्यावर घर व्यवस्थित चालत असे. पुढे फ्लेक्सची छपाई तालुक्याच्या गावांत पोहोचली आणि हे काम बघता बघता आटले. आज आमचे निम्म्याहून अधिक उत्पन्न नेत्रतपासणी शिबिरांसाठी हाताने रंगवलेल्या फलकांतून येते, आणि याची सुरुवात एका नमुन्याच्या चित्रावरून निघालेल्या चर्चेतून झाली.

एका नेत्रतज्ज्ञांनी दवाखान्याच्या भिंतीवर काचबिंदूची माहिती रंगवण्याचे काम दिले होते आणि सोबत छापील नमुना दिला होता. नळकांड्यातून पाहावे तसा मध्ये रस्ता आणि सभोवती गडद काळे कडे, असे ते चित्र होते. आम्ही रेखाटन करत असताना बाकावर बसलेले एक निवृत्त गुरुजी, जे स्वतः काचबिंदूचे रुग्ण होते, म्हणाले, ‘‘असा काळा गोल मला कधीच दिसला नाही. बाजूने माणूस येतोय हे कळतच नाही, अन् मग तो एकदम अंगावर येतो.’’ डॉक्टरांनी त्यांच्या म्हणण्याला दुजोरा दिला. लंडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० रुग्णांना आपल्या दृष्टीशी जुळणारे चित्र निवडण्यास सांगितले होते, तेव्हा काळ्या बोगद्याचे चित्र एकानेही निवडले नव्हते. बहुतेकांनी धूसर झालेल्या किंवा गायब झालेल्या भागांची चित्रे निवडली आणि काहींना तर आपल्या दृष्टीत काही उणे आहे याची जाणीवच नव्हती. नजरेतली रिकामी जागा मेंदू आजूबाजूच्या दृश्याच्या आधारे भरून काढतो, म्हणून रुग्ण बेसावध राहतो. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. त्यामुळे काळे कडे दिसण्याची वाट पाहायला शिकवणारे चित्र चुकीचे तर आहेच, शिवाय घातक आहे.

त्या भिंतीवर आम्ही शेवटी बसस्थानकासमोरचा चौक दोनदा रंगवला. पहिल्या चित्रात डावीकडच्या बोळातून दुचाकी निघते आहे आणि उजवीकडे एक बाई लेकराचे बोट धरून रस्ता ओलांडते आहे. दुसऱ्या चित्रात दुचाकीही नाही, बाईही नाही. बोळाच्या तोंडाशी भिंतीचाच रंग पुढे ओढून किंचित धूसर केला आहे आणि कडेला कुठेही रेघ दिसत नाही. लोक आधी दोन्ही चित्रे सारखीच समजतात, मग कोणीतरी ‘‘गाडी कुठं गेली?’’ असे विचारतो आणि तिथून कार्यकर्त्याला बोलायला वाट मिळते. चाळिशीनंतर डोळ्यांची संपूर्ण तपासणी करावी, आणि घरात कोणाला काचबिंदू असेल तर सख्ख्या भावंडांनी व मुलांनी ती टाळूच नये, एवढाच मजकूर आम्ही खाली लिहितो.

मोतीबिंदूचे चित्र तुलनेने सोपे होते. माझ्या धाकट्या बहिणीने कलाशिक्षण घेताना क्लोद मोने यांची चित्रे अभ्यासली होती. १९१२ मध्ये त्यांना मोतीबिंदूचे निदान झाले आणि १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होण्यापूर्वीच्या वर्षांत त्यांच्या तळ्यावरच्या पुलाची चित्रे तांबूस-तपकिरी होत गेली. तिने वॉर्निशमध्ये पिवडी आणि थोडा तपकिरी रंग कालवून चित्रावर पातळ हात दिले, त्यामुळे निळे लुगडे मातकट दिसू लागले. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांभोवती कोरड्या ब्रशने प्रकाश पसरवला.

आमच्या भागाला लागू पडेल असे चित्र मात्र कोणत्याच छापील संचात मिळाले नाही. केज, धारूर, वडवणीकडील ऊसतोड मजूर दसऱ्यानंतर टोळ्यांसह कारखान्यांवर जातात, आणि तोडणी करताना उसाचे पाते डोळ्याला लागते. अशा जखमेतून बुबुळावर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. त्यात मेडिकलमधून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले तर तो अधिकच बळावतो. म्हणून या फलकावर आम्ही कोयता, पाचट, चोळून लाल झालेला डोळा आणि हातातली थेंबांची बाटली एवढेच ठेवले. ही मागणी दसऱ्यापूर्वी येते, नंतर फलक लावून उपयोग नसतो.

व्यवसाय म्हणून सांगायचे तर यात भरभराट नाही. फ्लेक्स स्वस्त पडतो, देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांची बिले उशिरा निघतात, आणि रक्ताळलेले भयानक डोळे हवेत असा आग्रह धरणारे ग्राहकही भेटतात. अशी दोन मोठी कामे आम्ही सोडली आहेत, कारण घाबरलेला माणूस तपासणीला येतोच असा आमचा अनुभव नाही. आमचे प्लायवूडचे फलक मात्र टेम्पोतून गावोगाव नेता येतात, पुसता येतात आणि कित्येक वर्षे टिकतात.

सध्या अंध विद्यार्थ्यांसाठी पुट्टीच्या उठावाचे फलक तयार होत आहेत. १९५७ मध्ये दृष्टी गमावल्यावरही चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी कागद कापून चित्रे घडवत राहिले, हे बहिणीने कारागिरांना सांगितले तेव्हापासून कारखान्यात तयार फलक डोळे मिटून बोटांनी तपासण्याची पद्धत पडली आहे. कडा बोचरी लागली की फलक पुन्हा घासायला जातो, आणि घासणीचा वेळ आम्ही आता दरपत्रकात धरतो.