काळी शेंडी आणि आमची रोपवाटिका

शिरोळ तालुक्यात दहा गुंठ्यांवर शेडनेट टाकून 2011 साली आम्ही एक डोळा पद्धतीची, म्हणजे एकाच डोळ्याच्या कांडीपासूनची ऊस रोपं करायला लागलो. भांडवल म्हणजे सोसायटीचं कर्ज, एक जुनी मोटर आणि घरातली चार माणसं. पहिल्या तीन वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. ट्रे भरले, रोपं गेली, हप्ते फिटले. आडसालीच्या, म्हणजे पावसाळी लावणीच्या दिवसांत गिऱ्हाईक दारात बसून असायचं आणि मागणं एकच, "86032 द्या." आम्हीही उसाचा तोच वाण द्यायचो. दुसरं ठेवलंच नव्हतं.

2015 च्या दिवाळीनंतर एका शेतकऱ्याचा फोन आला. "मालक, तुमच्या रोपांस्नी शेंडी फुटलीया. काळी." गाडी काढून गेलो. पोंग्यातून, म्हणजे शेंड्याच्या सुरळीतून, हातभर लांब, पेन्सिलीएवढा जाड चाबूक निघून खाली वाकला होता. वरचा चंदेरी पापुद्रा फाटलेला. बोट लावलं तर काजळीसारखी भुकटी हाताला लागली आणि उरलेली वाऱ्यावर शेजारच्या फडात गेली. चाबूक काणी, उसाचा बुरशीचा रोग. एका एकरात साठ बेटं मोजली, मग मोजायचं सोडलं.

ट्रेमधून जाताना तीच रोपं हिरवीगार होती. काणीचं हेच वाईट. ती कांडीच्या डोळ्यात झोपून येते, पस्तीस दिवसांच्या रोपात काही दिसत नाही, तीन-चार महिन्यांनी चाबूक बाहेर पडतो आणि खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, तर विचारूच नका. चूक आमचीच होती. दरवर्षी त्याच मळ्यातलं बेणं, म्हणजे लावणीच्या कांड्या, काढत गेलो, रोग मारायची उष्ण हवेची प्रक्रिया कधी केलीच नाही. रोपांचे पैसे परत दिले, शिवाय बेटं खणायची मजुरीही. त्या वर्षी नफा शून्य.

पुढं थोरल्या मुलाचं लग्न झालं. सूनबाई कृषी पदवीधर, वनस्पती रोगशास्त्र शिकलेल्या. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "मामा, तुमच्याकडं रोपं किती?" म्हटलं, दीड लाख. त्या म्हणाल्या, "दीड लाख नव्हं, एकच. एकाच उसाचे दीड लाख तुकडे."

हे डोक्यात बसायला वेळ लागला. कांडीतून लावलेला ऊस म्हणजे तोच ऊस पुन्हा. को 86032 हा को 62198 आणि कोसी 671 यांचा संकर. तो जन्मला तेव्हा जी जनुकं होती, तीच आज माझ्या ट्रेमध्ये आहेत. काणीचं तसं नाही. तिच्या बीजाणूतून निघालेल्या एकट्या पेशीला उसात शिरता येत नाही. विरुद्ध प्रकारच्या दुसऱ्या पेशीशी जोडी जमली तरच ती आत घुसते. दोन वेगळ्या काण्या भेटल्या की जनुकांची सरमिसळ. थोडक्यात, तिकडं प्रत्येक पिढीला लग्न आणि आमच्याकडं तोच जुना नवरदेव.

या झटापटीचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो अमेरिकेत नॉर्थ डकोटात, हॅरोल्ड फ्लोर यांनी, 1940 च्या दशकात. पीक कुठलं, तर आपण चटणी करतो ते जवस, आणि रोग त्याचा तांबेरा. त्यांनी जवसाचेही संकर केले आणि बुरशीचेही. निघालं असं की झाडातल्या प्रतिकाराच्या एकेका जनुकासमोर बुरशीतलं एकेक जनुक उभं असतं. सूनबाई सांगतात, झाडाचा राखणदार चोराला तोंडावरून ओळखत नाही, टोपीवरून ओळखतो. बुरशीत कुठं तरी बदल होऊन टोपी गेली की राखणदार जागा असूनही गप्प. मग झाडाला नवा राखणदार हवा. रानात वाढणाऱ्या झाडांत हे पिढ्यान् पिढ्या चालू असतं. शेतात नवा राखणदार आणायला माणूस लागतो.

उसात तो कोइमतूरला आणला जातो. तिथली ऊस पैदास संस्था 1912 ची. तिथं उसाला तुरा चांगला येतो, म्हणून संकर जमतो. 1918 चा को 205 हा जाड ऊस आणि काश नावाचं रानटी गवत यांच्यातून निघाला.

उत्तर प्रदेशात काय झालं ते कारखानदारीतल्या प्रत्येकानं बघितलंय. को 0238 या वाणानं साखरेचा उतारा आणि टनेज दोन्ही दिलं, म्हणून तिथल्या ऊसक्षेत्रापैकी 80 टक्क्यांहून जास्त रानात तोच. मग लाल कूज रोगाच्या बुरशीची सीएफ 13 ही नवी जात तयार झाली आणि वाण कोसळला. आपल्याकडं लाल कूज तेवढी कधी माजली नाही. पण ते वाचताना मला आमचे शेडनेटमधले ट्रे दिसत होते.

प्रत्येक राखणदार लवकर फितूर होतो असंही नाही. उसाच्या तपकिरी तांबेऱ्याविरुद्धचं ब्रु 1 हे जनुक बरीच वर्षं टिकून आहे. औषधाची गोष्ट मात्र तीच. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक बुरशीत एकाच ठिकाणी घाव घालतं; ती जागा बदलली की औषध वाया. म्हणून नुसतं बेणं औषधात बुडवून आम्ही आता निवांत होत नाही.

आता बेणं 54 अंशांच्या दमट उष्ण हवेत अडीच तास ठेवतो. बेणेमळा दर तीन वर्षांनी नव्या मूलभूत, म्हणजे शुद्ध निरोगी बेण्यानं बदलतो. दर पंधरवड्याला मळ्यात फेरी. चाबूक दिसला की आधी त्यावर पोतं चढवायचं, मग बेट मुळासकट खणून जाळायचं. नुसता कापला तर आपणच पेरणी केली म्हणायची. 2019 च्या पुरात शेडनेट आणि मळा दोन्ही पाण्याखाली गेले, तेव्हा सगळं नव्यानं उभारताना चार वाण ठेवले. फुले 265 त्यातलाच, पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा.

विकणं सोपं नाही. परवाच एक आजोबा आले, चारही ट्रे हाताळून बघितले, रोपाची मुळी वाकवून पाहिली. मी दोन एकर 86032 आणि एक एकर दुसरं असं सुचवलं. ते म्हणाले, "बाळा, दुसऱ्याची नोंद कारखाना घेतोय का, ते आधी इचार." मी त्यांच्यासमोरच कारखान्याच्या शेतकी विभागाला फोन लावला. घेतात म्हणाले. आजोबांनी दुसऱ्याचे दोनच ट्रे गाडीत ठेवले, बांधाकडेला लावून बघतो म्हणाले.