भाषा : कोणतीही एक

फॉर्मवर तिसरा रकाना होता तो असा : 'साहित्यकृतीची भाषा – मराठी / हिंदी / उर्दू / इंग्रजी. कोणत्याही एकाच पर्यायावर खूण करावी.' बाकीचा फॉर्म मी पाच मिनिटांत भरला. या एका रकान्यापाशी तीन आठवडे अडकले.

मी तेव्हा परभणीत एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला होते. विद्यापीठ विद्यार्थ्यांच्या सर्जनशील लेखनाला बक्षिसं देतं, ही नोटीस डिसेंबरात बोर्डावर दिसली, तीही परीक्षा फॉर्मच्या नोटिशीखाली अर्धी झाकलेली. चार भाषा, प्रत्येकीत कथा आणि कविता. कथेला अडीच हजार शब्दांची मर्यादा. टाईप केलेल्या तीन प्रती, आत कुठंही नाव नको. नावगाव वेगळ्या बंद पाकिटात. सोबत बोनाफाईड आणि प्राचार्यांच्या सहीचं हमीपत्र, की लेखन माझंच आहे आणि आधी कुठं छापून आलेलं नाही.

कथा माझ्याकडं तयार होती, किंवा तसं मला वाटत होतं. आम्ही मनियार. माझी दादी चाळीस वर्षं परभणीच्या आसपासच्या खेड्यांत बांगड्या भरत हिंडली. कथा तिच्यावरच. हात बघून ती माप सांगायची, दोन-चार, दोन-सहा. म्हणजे दोन इंच आणि वर इंचाच्या सोळा भागांतले चार किंवा सहा, हे मला कथा लिहिताना कळलं. दादीचं आकड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. ती अंगठ्याच्या मुळाशी हाताची गादी दाबायची आणि माळेतून बरोबर तीच बांगडी काढायची. 'माय, हात ढिला सोड, माझ्याकडं नको बघू, तिकडं म्हशीकडं बघ,' असं म्हणेपर्यंत बांगडी मनगटावर गेलेली असायची. गावातल्या बाया तिला चाची म्हणायच्या.

हे झालं ओसरीवरचं बोलणं. घरी आली की दादीची भाषा चपलेसारखी उंबऱ्याबाहेर राहायची. मग 'हौ', 'नक्को', 'काइकू', 'औरतां', 'बातां'. त्यामुळं कथेतले निम्मे संवाद मराठीत आणि निम्मे आमच्या घरच्या बोलीत, दखनीत. लिहिताना मला यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. फॉर्म हातात आल्यावर वाटलं.

आमच्या सरांचं म्हणणं सरळ होतं. 'निवेदन मराठीत आहे, मराठीवर खूण कर. पण संवादांचा अर्थ कंसात दे. परीक्षक पुण्या-मुंबईचा असला तर त्याला काय कळणार?' उर्दूच्या मॅडमचं दुसरंच. त्या म्हणाल्या, 'बेटा, दखनी म्हणजे आमचीच. शायर वली कुठला? औरंगाबादचा. तू उर्दूत पाठव, तिथं प्रवेशिकाही कमी येतात.' शेवटचं वाक्य ऐकून मी लालचावले, खोटं कशाला बोलू? अडचण एवढीच की मला उर्दू लिपी येत नाही. मी पहिलीपासून मराठी शाळेत. आमचे दादा, म्हणजे आजोबा, निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत चार इयत्ता शिकले. त्यांच्या उधारीच्या वहीत 'पाटलीणबाई, बारा आणे बाकी' हे मराठी शब्दही उर्दू लिपीत आहेत. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि पुढं आमच्या घरातली अक्षरं बदलली. दादांची वही मला वाचता येत नाही, उर्दू मॅडमनी वाचून दाखवली तेव्हा त्यातली निम्मी माणसं कळली.

हिंदीचाही विचार करून झाला. पण दखनी हिंदीत टाकली की तिथले लोक तिला चुकीची हिंदी म्हणतात, हे मी शाळेत पुरेसं ऐकलेलं आहे. मराठीला २७ फेब्रुवारी आहे, हिंदीला १४ सप्टेंबर, उर्दूला ९ नोव्हेंबर. आमच्या बोलीला दिवसही नाही आणि रकानाही नाही. आणि ती तर मराठीचा 'च' उचलून बसलेली : 'मेरेकूच बोली', 'ऐसाच होता'. हा 'च' काढला तर दादीचं एक वाक्य उभं राहणार नाही. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात नरसी आहे, नामदेवांचं गाव. त्यांचे अभंग मराठीत, आणि ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात. एकनाथांनी पैठणात 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यांना कुणी तिसरा रकाना भरायला लावला असता तर काय केलं असतं, असा विचार मी एसटीच्या रांगेत बऱ्याचदा केला.

शेवटी मराठीवर खूण केली. कंसातले अर्थ मात्र दिले नाहीत. सर दोन दिवस नाराज होते.

नाराज असूनही कथा त्यांनीच कापायला लावली. माझे शब्द भरले होते तीन हजार शंभर. मी इकडचं विशेषण काढ, तिकडचं काढ, असं करत होते. सर म्हणाले, 'पहिली दोन पानं तू आम्हाला मनियार समाज शिकवायलीस. कथा तिसऱ्या पानावर सुरू व्हायली.' रात्रभर राग आला. सकाळी दोन्ही पानं काढली, आणि शब्द बसले. नंतर दोघीतिघी मैत्रिणींच्या कथा वाचल्या, तिथंही पहिली दोन पानं अशीच होती.

जमा करायची शेवटची तारीख ५ फेब्रुवारी. परभणीकरांना वेगळं सांगायला नको, २ फेब्रुवारीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस सुरू होतो. अब्बांचं बांगड्यांचं दुकान उरुसात लागतं आणि घरातलं प्रत्येक माणूस तिथं जुंपलेलं असतं. मी वही टायपिंगवाल्याकडं देऊन टाकली आणि दुकानावर बसले. ३ तारखेला संध्याकाळी फाईल आणायला गेले. त्यानं जुन्या फाँटमध्ये टाईप करून मग युनिकोडमध्ये बदललेलं, त्यात काही रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेले. ते अपेक्षितच होतं. पण पुढं वाचते तर कथेतला प्रत्येक 'नक्को' 'नको' झालेला. मोजले, एकेचाळीस. तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, 'ताई, तुमच्या लई चुका होत्या. मी सगळ्या दुरुस्त केल्या, त्याचे पैसे नाही लावले.'

आता यात चूक माझी, घाई माझी. संगणकाला सांगितलं, जिथं 'नको' आहे तिथं 'नक्को' कर. एका बटणात काम झालं. तीन प्रती काढल्या, घरी आले. रात्री अकराला सहज चाळते तर कथेतली पाटलीणबाई म्हणते, 'चाची, मला हिरव्या नक्को.' सरपंचाची सून म्हणते, 'नक्को गं बाई.' आणि एका ठिकाणी निवेदनात 'तिला ती नक्कोशी झाली होती'. हसावं का रडावं कळेना. दुकानं बंद झालेली, सकाळी साडेसहाची गाडी. अम्मी, मी आणि धाकटा भाऊ तिघं एकेक प्रत घेऊन बसलो. भावानं ब्लेडनं 'क्' खरवडला, कागद फाटला. मग काळ्या पेनानं वरचा जादा 'क्' खोडत गेलो. सकाळी विद्यापीठाच्या खिडकीवर बाईंनी प्रती मोजल्या, पाकिटावर क्रमांक टाकला, पोच दिली. सगळं मिळून चार मिनिटं.

एप्रिलात, पेपर चालू असताना फोन आला. मराठी कथा, द्वितीय.

कार्यक्रम जुलैत झाला. चारही भाषांची बक्षिसं एकाच मंचावर. उर्दूच्या पहिल्या क्रमांकाच्या मुलानं त्याच्या नज्मचे चार शेर म्हटले तेव्हा मागच्या रांगेतल्या शेतकरी बापानं आधी 'वाह' केलं आणि मग शेजाऱ्याला विचारलं, 'काय म्हणला?' परीक्षकांपैकी एक बाई माझ्या कथेवर बोलल्या. त्यांनी एक वाक्य वाचून दाखवलं. पाटलीणबाई म्हणते, 'चाची, मला हिरव्या नक्को.' बाई म्हणाल्या, 'बघा, लेखिकेनं किती सूक्ष्मपणे दाखवलंय, चाचीची भाषा पाटलीणबाईच्या तोंडात कशी शिरली ती.' माझ्या पोटात गोळा आला. एक 'क्' आमच्या तिघांच्या नजरेतून सुटला होता. सर माझ्याकडं बघून मान डोलवत होते. मी नमस्कार केला आणि खाली बसले. खरं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि आता पुन्हा लिहिताना मी तो 'नक्को' तसाच ठेवला आहे. ओसरीवर बसून दहा वर्षं बांगड्या भरून घेतल्यावर पाटलीण तसं म्हणेलही.

बक्षिसाची रक्कम खात्यात यायला आणखी काही महिने गेले. माझं आडनाव मार्कशीटवर 'मणियार', आधारवर 'मनियार', पासबुकावर तिसरंच इंग्रजी स्पेलिंग. त्याचं प्रतिज्ञापत्र, ते एक वेगळंच प्रकरण आहे. पुढच्यांना एवढंच सांगेन की नाव सगळीकडं एकसारखं आहे का ते कथा लिहायच्या आधी बघा.

बक्षीसपात्र कथांची पुस्तिका निघाली. तिची एक प्रत घेऊन दादीपुढं बसले. तिला दिसत कमी, ऐकू छान येतं. पूर्ण कथा वाचून दाखवली. मराठी भागाला ती हुंकार देत होती. आपलं म्हणून लिहिलेलं बोलणं आलं की गप्प. मला धाकधूक. कथेत एका घरी बांगडी भरताना फुटते, तर बायांसमोर दादी 'वाढली' म्हणते, कारण बांगडी फुटली असं बोलायचं नसतं. तेवढं बरोबर होतं. मग ती घरी येऊन माझ्या अब्बांना सांगते, 'एक चूड़ी टूट गई.' तिथं दादीनं माझं मनगट धरलं.

'मैं ऐसा कब बोली?'

'मग काय म्हणतेस?'

'टूट गई नक्को बोलना बेटा. ठंडी हो गई, बोलना.'

पुस्तिका छापून झालेली होती. उठले, भावाच्या दप्तरातून काळं पेन काढलं, आणि 'टूट' वर रेघ मारली.