नव्याचे नऊ बिघाड

रस्त्याच्या कडेला बॉनेट वासून उभी असलेली गाडी आजकालची असेल, तर बाकीचे इंडिकेटर देऊन पुढे निघून जातात. जुनी प्रीमियर पद्मिनी असेल तर थांबतात. नागोठण्याजवळ म्हणा, कोलाडच्या अलीकडे म्हणा, पाच मिनिटांत चार डोकी बॉनेटमध्ये वाकलेली दिसतात. एकाच्या मामांकडे हीच होती, दुसऱ्याचे वडील काळी-पिवळी चालवायचे, तिसऱ्याला यातलं काही कळत नाही, पण कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय याची त्याला खात्री असते. मालक मात्र नव्या रंगावर कुणाचं कोपर टेकत नाही ना, इकडे एक डोळा ठेवून एकच वाक्य घोकत असतो, "अहो, सगळं नवीन टाकलंय!"

दुखणं तिथंच आहे.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून निघालेली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी झालेली ही गाडी मुळात अगदी साधी. 1089 सीसीचं, चाळीसेक हॉर्सपॉवरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईत 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत ती टॅक्सी म्हणून पळत होती. त्या टॅक्स्यांचा रंग विटलेला असे, सीटच्या स्प्रिंगा टोचत, दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे. पण रोज चालल्यामुळे प्रत्येक भाग शेजारच्या भागाशी घासून घासून जुळलेला होता. रिस्टोअर करताना, म्हणजे जुनी गाडी नव्यासारखी करताना, आपण हा जुना संसार मोडतो. सगळं सुटं करतो, घासतो, रंगवतो, नवं रबर घालतो आणि पुन्हा एकत्र बांधतो. हे भाग एकमेकांना परके असतात. त्यांचं जमायला हजारेक किलोमीटर तरी लागतात, आणि ते घराच्या आसपास, रविवारी सकाळी वीस-तीसच्या फेऱ्यांनी व्हावेत ही अपेक्षा. होतं काय, तर रंग वाळतो न वाळतो तोच दिवाळीची सुट्टी येते आणि गाडी थेट सावंतवाडीच्या रस्त्याला लागते.

पहिला दगा रंग देतो. चाकाच्या डिस्कवर, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या लोखंडी तबकडीवर, आतबाहेर दोन-तीन हात मारलेले असतात आणि नट त्या रंगाच्या थरावर आवळलेले असतात. गाडी पळाली, ड्रम तापला, की दाबाखालचा रंग चेपतो आणि नट सैल पडतात. म्हणून पन्नास किलोमीटरवर पाना लावून चारही चाकं पुन्हा आवळायची. शंभरावर आणखी एकदा. स्टिअरिंगमध्ये हलकीशी थरथर आली की लोक बॅलन्सिंगला दोष देतात. आधी नट बघावेत.

याच रंगाचा दुसरा प्रताप विजेत दिसतो आणि तो भल्याभल्यांना चकवतो. जुन्या गाडीत प्रत्येक दिव्याला एकच वायर जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. पेंटरने पत्रा इतका सुरेख रंगवलेला असतो की ही परतीची वाटच बुजते. मग डावा इंडिकेटर लावला की मागचे दिवे मंद होतात, ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा नाचतो. वायरमन नवं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, तपासत बसतो आणि त्यात काही सापडत नाही, कारण दोष हार्नेसमध्ये नसतोच. याची सगळ्यात अस्सल खूण चोकच्या केबलजवळ मिळते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी हवी. गाडी जोडताना ती हमखास राहते. सेल्फ मारताना शंभराहून अधिक अँपिअर वाहतात. त्यांना परतायला रस्ता उरतो तो चोकच्या नाही तर अ‍ॅक्सिलरेटरच्या बारीक केबलीचा. सेल्फ कण्हतो, केबल तापते, तिच्या आवरणातून धूर निघतो. बघणारा म्हणतो, शॉर्ट झालं. तसं नसतं. जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारा. खणखणीत फिरला, तर पट्टीचाच प्रश्न. पॉलिश पेपरने दोन्ही जागी उघडा पत्रा दिसेपर्यंत रंग खरवडायचा, दात्यांचा वॉशर घालून बोल्ट आवळायचा आणि वरून व्हॅसलीनचं बोट फिरवायचं. हे काम गॅरेजातच करायचं असतं, पण नव्या रंगावर पॉलिश पेपर चालवायला हात धजत नाही. महाडला पोचेपर्यंत आपोआप धजतो.

चालती गाडी बंद पडली तर बॉनेट उघडण्याआधी ती कशी बंद पडली ते आठवावं. स्विच बंद केल्यासारखी एका क्षणात गेली असेल तर वीज बघायची. आचके देत, पुन्हा थोडं उचलत, मग मान टाकली असेल तर पेट्रोल. हा ठोकताळा दहापैकी नऊ वेळा खरा ठरतो; दहाव्या वेळी कंडेन्सर असतो, त्याच्याकडे नंतर येऊ.

पेट्रोलची गोष्ट टाकीपासून सुरू होते. बाहेरून टाकी काळी कुळकुळीत रंगवलेली असते. आत वर्षानुवर्षांचा गंज आणि पेट्रोलची वाळलेली खळ. गाडी उभी असेपर्यंत ते पत्र्याला चिकटून असतं. खड्ड्यांत हिंदकळलं की सुटतं. त्यात आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ही खळ विरघळवतं आणि हवेतलं पाणीही ओढून घेतं. लक्षण ठरलेलं: गाडी साठच्या वेगाने तासभर मजेत जाते, मग चढावर मिसिंग मारते, बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते आणि पाच किलोमीटरवर पुन्हा तेच. टाकीतल्या नळीच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा येऊन बसतो. ओढ थांबली की खाली पडतो, ओढ लागली की पुन्हा चिकटतो. कार्बोरेटर दहा वेळा खोलला तरी यात फरक पडत नाही. इंजिन थोडं निवू द्यावं, कॉइलची वायर काढावी, कार्बोरेटरला येणारा पाइप सोडवून बाटलीत धरावा आणि सेल्फ मारावा. इंजिनवरच्या पेट्रोल पंपाच्या प्रत्येक ठोक्याला ठसठशीत पिचकारी आली तर पुढे बघा. थेंब थेंब आलं तर मागे. मागे म्हणजे पंपाकडे येणारा पाइप काढून पायपंपाने टाकीच्या दिशेने हवा मारायची. टाकीत बुडबुड ऐकू आली की वाट मोकळी. चिपळूणपर्यंतची सोय झाली म्हणायची, इलाज नव्हे. इलाज म्हणजे टाकी उतरवून, मूठभर बारीक नट नाही तर साखळीचा तुकडा आत घालून खळखळवून धुणं. तोवर टाकी आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक फिल्टर लावावा, सुटे दोन जवळ ठेवावेत.

इथेनॉलचा आणखी एक उपद्व्याप. त्या पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, जुन्या साठ्यातला असेल, तर त्याचं रबर फुगतं किंवा भेगाळतं आणि पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये झिरपतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढली आणि ऑइल वाढलेलं दिसलं, की खूश व्हायचं कारण नाही. वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथंच थांबवा. पातळ झालेलं ऑइल नव्या बेअरिंगचा घास घेतं. पाइपही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच घालावेत. शिवाय हे पेट्रोल जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकावर) मिश्रण पातळ पडतं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि इंजिन गरम चालतं. मेन जेट एखादा नंबर मोठा घातला तर बरं.

चहाला थांबल्यावर सुरू न होणं हे वेगळं. त्यात बिघाड काही नसतो. इंजिन बंद झालं की पाणी आणि पंखा दोन्ही थांबतात, सगळी धग वर कार्बोरेटरला लागते, फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडतं. आपण परत येतो, सवयीने चोक ओढतो, अ‍ॅक्सिलरेटरला चार लाथा मारतो आणि पुरती ओली करून ठेवतो. चोकला हात लावायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरायचा, पंप करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा. चार-पाच फेऱ्यांत काळा धूर टाकून उठते. उलट चालता चालता, एप्रिलच्या दुपारी, घाटात गुदमरली तर पाइपात वाफ धरली असं समजावं. पंपावर ओलं फडकं टाकून पंधरा-वीस मिनिटं सावली शोधावी. आपलीसुद्धा.

पोलादपूर सुटलं की कशेडी. आता बोगदा झालाय, पण त्याच्या तोंडापर्यंत चढ आहेच, आणि नुकतं बांधलेलं इंजिन तिथं खरं बोलायला लागतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं घट्ट. घर्षण जास्त, म्हणून उष्णता जास्त. पहिले पाचशे किलोमीटर पन्नास-साठच्या वर जाऊ नये आणि चढावर टॉपमध्ये रेटू नये, खाली गिअर घ्यावा, हे ऐकलेलं सगळ्यांनी असतं. तरी काटा लालकडे गेला की संशय वॉटर पंपावर जातो. आधी स्वस्तातल्या गोष्टी बघाव्यात. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून सेंटिमीटरभर खाली जायला हवा. नवा बेल्ट पहिल्या दिवशीच ताणतो आणि सैल पडतो. रेडिएटरचं झाकण नवं पण सैल स्प्रिंगचं असेल तर दाब धरत नाही. दर पौंड दाबामागे पाणी उकळण्याचा बिंदू साधारण दीड अंशाने वर जातो, म्हणजे सात पौंडांचं झाकण दहा-अकरा अंश मिळवून देतं. पंखा उलटा बसवलेलाही सापडतो. हसू नका, पाती दोन्ही बाजूंनी बसतात. आणि रेडिएटर बाहेरून रंगवला पण आतल्या नळ्या सळई घालून साफ केल्याच नाहीत, हे तर नेहमीचं. जुने ड्रायव्हर गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकत. हळद गळती थांबवते खरी, पण बारीक नळ्यांतही बसते. घरी पोचण्यापुरती वापरावी आणि पोचल्यावर रेडिएटर धुवून काढावा. तापलेलं झाकण उघडू नये हे सांगायला नकोच, तरी दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी हात भाजून घेतंच.

कधी गाडी तापत नाही, पण चढ ओढत नाही. दोष इंजिनला मिळतो आणि अडकलेले असतात ब्रेक. पेडलचा दांडा आणि मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या नळकांड्याचा) पिस्टन यांत मिलीमीटर-दोन मिलीमीटर मोकळीक हवी. नवा मास्टर बसवताना ती ठेवली नाही, तर ऑइल परत जायचं भोक झाकलेलं राहतं; ऑइल तापून फुगलं की ब्रेक आपोआप लागत जातात, पेडल दगडासारखं होतं. ड्रमवर पाण्याचे थेंब शिंपडा, चर्रकन उडाले तर हेच. चारही चाकं जड असतील तर मास्टर. एकच जड असेल तर ते जॅकवर घ्या आणि एअर काढायचा निपल पाव फेरा सोडा: चाक सुटलं तर रबरी होज आतून फुगलाय, नाही सुटलं तर लायनर फार जवळ लावलेत किंवा व्हील सिलिंडर अडकलाय. उताराला लागण्याआधी हे निस्तरावं. ड्रम ब्रेक तापले की पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. सेकंडमध्ये उतरावं, मागच्या ट्रकने कितीही हॉर्न मारला तरी.

रात्रीचं थोडक्यात. वीज बनवायला जुना डायनामो असलेली गाडी असेल तर त्याची ताकद वीसेक अँपिअर, आणि आयडलवर तो जवळजवळ काहीच देत नाही. साठ-साठ वॉटचे नवे हॅलोजन दहा खातात, त्यावर वायपर, टेप, मोबाइलचं चार्जिंग. राजापूरच्या पावसात डायव्हर्जनला अर्धा तास रांगेत उभे राहिलात की बॅटरी बसते. रांगेत हेडलाइट बंद ठेवावेत.

आता तो कंडेन्सर. डिस्ट्रिब्युटरजवळचा बोटाच्या पेराएवढा पत्र्याचा डबा. थंड असताना ठणठणीत, तापला की दगा देतो. गाडी कधी झटक्यात जाते, कधी आचके देत, म्हणून आपला ठोकताळा इथं फसतो. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून सेल्फ मारायला लावा आणि पॉइंटकडे, म्हणजे आतल्या उघडझाप करणाऱ्या विजेच्या टोकांकडे, बघा. निळसर पांढरी, जाडजूड ठिणगी तिथंच उडत असेल तर कंडेन्सर मेला. बारीक, जेमतेम दिसणारी हवी. त्याच वेळी पॉइंटचा गॅपही बघावा. नव्या पॉइंटची टाच पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये झिजते, विशेषतः कॅमला ग्रीसचं बोट लावायचं राहिलं असेल तर. गॅप बंद होत जातो, टायमिंग मागे पडतं आणि चढावरच्या तापण्याला हेही एक कारण होतं. फिलर गेजने 0.4 ते 0.5 मिलीमीटर. प्लगचा गॅप 0.6, गेज हरवला तर हॅकसॉचं पातं जवळपास तेवढ्याच जाडीचं असतं. प्लग मात्र बेताने आवळा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे.

सध्या बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर खोक्यातूनच मेलेले निघू शकतात. म्हणून गाडी खोलताना निघालेला जुना, ओरखडे पडलेला पण चालू असलेला कंडेन्सर भंगारात देऊ नये. जुन्या पॉइंटचा सेट, रोटर, मीटरभर पेट्रोलचा पाइप, चार क्लिपा, फॅनबेल्ट, दोन वायरी लावलेला बारा व्होल्टचा बल्ब आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी असा सगळा ऐवज एका डब्यात घालून स्टेपनीशेजारी ठेवावा. वडी टाकीसाठी. शिवण झिरपायला लागली, तर तेवढी जागा कोरडी पुसून वर साबण चोळायचा. पेट्रोल त्याला विरघळवत नाही. गोव्यापर्यंत धरतो.