आंब्याचा चौरंग, तिसरा आठवडा: डाग, चपडा आणि वळीव

गेल्या महिन्यात केलेला पाट समोर ठेवूनच हे लिहितेय. आंब्याचं लाकूड, त्यावर थेट वॉलनट शेडचा ऑइल स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा तेलातला रंग. काही ठिकाणी लाकडानं रंग अधाशासारखा पिऊन घेतला आणि शेजारचीच बोटभर जागा फिकट राहिली. दुसरा हात दिला तर डाग आणखी गडद झाले. त्यामुळे गणपतीसाठी आणलेल्या चौरंगाला घाईनं रंग लावायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं.

चौरंग सुताराकडून कोराच घेतला. रंधा मारलेला, पण पॉलिश पेपर न लावलेला. ७ जूनच्या आसपास मृग लागतो, त्याआधी काम संपवायचंय. एकदा का कोल्हापूरचा पाऊस बसला की डब्यातलं मीठसुद्धा कोरडं राहत नाही, मग पॉलिश कुठलं सुकायला!

पहिला आठवडा नुसता घासण्यात गेला. ८० नंबरचा पेपर फक्त रंध्याच्या खुणांपुरता, मग १२०, मग १८० (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक). नेहमी रेषांच्या दिशेनं. आडवा मारलेला एक ओरखडा कोऱ्या लाकडावर दिसतही नाही, पण स्टेन लागला की त्यात रंग साचतो आणि काळी रेघ उठून येते. पाटावर अशा चार रेघा आहेत. आता संध्याकाळी दिवा मालवते आणि मोबाईलची बॅटरी फळीला चिकटवून तिरकी धरते. राहिलेले सगळे ओरखडे सावली टाकतात. शिवाय स्पिरिटचं फडकं एकदा फिरवायचं. ओलं असेपर्यंत लाकूड स्टेन लावल्यासारखं दिसतं आणि सांध्यापाशी ओघळलेला फेविकॉल फिकट ठिपक्यासारखा उघडा पडतो. असे तीन ठिपके सापडले, पटाशीच्या धारेनं खरवडून काढले. वरची फळी १८० वरच थांबवली. फळीची कापलेली टोकं मात्र २२० पर्यंत नेली, कारण तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि रंग सगळ्यात जास्त तिथेच मुरतो.

मग डागांचा प्रश्न. लक्ष्मीपुरीत स्पिरिट घ्यायला गेले, तेव्हा दुकानात एक वयस्कर पॉलिशवाले मिस्त्री उभे होते. त्यांना पाटाचा फोटो दाखवला. म्हणाले, ‘‘ताई, आंब्याला थेट रंग दिऊ नगा. आदी पातळ चपडा पाजा, मग रंग.’’ या महिन्यात मिळालेला हा सगळ्यात मोलाचा सल्ला. चपडा म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळणारी लाख; ती लाकडाच्या तहानलेल्या जागा आधीच थोड्या भरून टाकते, त्यामुळे स्टेन सगळीकडे सारखा बसतो.

माझं प्रमाण असं: अर्धा लिटर स्पिरिटमध्ये ६० ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत, रात्रभर. मधून मधून हलवायचं. लोखंडी डबा नको, चपडा काळपट होतो. जितका लागेल तितकाच भिजवा. फार दिवस ठेवलेला चपडा चिकट राहतो, नीट कडक होत नाही. शंका आली तर काचेवर एक थेंब टाकून पाहा.

चौरंग उलटा करून खालच्या बाजूला पट्टे मारले: कोरं लाकूड, एक हात चपडा, दोन हात चपडा. सुकल्यावर २२० चा पेपर अगदी हलका फिरवला आणि तिन्हींवर स्टेन दिला. कोऱ्या पट्ट्यावर पाटासारखेच डाग आले. दोन हातांवर रंग धरलाच नाही, सगळा फडक्यात आला. एका हातावर मात्र मधाळ तपकिरी, एकसारखा. तो पाहून मी आईला हाक मारून बोलावलं. नवशिक्यांनी बाकी काही नाही केलं तरी हे पट्टे नक्की मारावेत, आणि त्याच चौरंगाच्या पोटावर मारावेत. दुसऱ्या तुकड्यावरचा रंग या लाकडावर तसाच येईल याचा भरवसा नाही.

स्टेनची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्यातलं तेल सुकताना गरम होतं आणि गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मी ती दगडावर एकेक पसरून वाळवते.

स्टेनला दोन दिवस दिले. मग दाट चपडा, अर्ध्या लिटरला १२० ग्रॅम. कापूस मलमलीत बांधून पुरचुंडी केली आणि पातळ हात दिले. दोन हात सुरेख बसले. तिसरा गुरुवारी दुपारी दिला, आणि पन्हाळ्याच्या बाजूनं आभाळ भरून वळीव कोसळला. तासाभरात निम्म्या फळीवर दुधाळ पापुद्रा! स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतला दमटपणा त्यात अडकतो. जीव खाली-वर झाला. पण चपड्याचा हाच गुण मला आवडतो, तो स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळतो. शनिवारी लख्ख ऊन पडलं, तेव्हा पुरचुंडीला जेमतेम ओल लागेल इतकं स्पिरिट घेऊन न थांबता फिरवलं. पांढरेपणा गेला, खालचा रंग जसाच्या तसा.

चपड्याला ऊन भांडं सोसत नाही, गोल पांढरा डाग पडतो. म्हणून निरांजन तबकात ठेवायचं, असं घरात सांगून ठेवलंय. मिस्त्री पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, सुचवत होते. ते टिकाऊ आहे, पण बिघडलं तर माझ्या हातानं दुरुस्त होणार नाही. शिवाय साध्या चपड्यात मेण असतं, त्यावर पीयू नीट धरत नाही.

आता चौथा हात आणि खालची बाजू राहिलीय. पोट कोरं सोडलं तर पावसात ते एकटंच ओल पिईल आणि फळी वाकेल. म्हणून त्या तीन पट्ट्यांवरूनही चपड्याचे दोन हात द्यायचेत. पट्टे घासून काढणार नाही, पुढच्या वेळी रंग ताडून बघायला लागतील.