काका नसले की मेल जात नाही

मेल पाठवायचं-उतरवायचं सॉफ्टवेअर म्हणजे आउटलुक २००७, असं सगळीकडे होतं त्या काळातली गोष्ट. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या शेठनी फोनवर तक्रार सांगितली ती एवढीच: "काका नथी, तो मेल पण नथी." काका नाहीत, तर मेलही नाही.

काका म्हणजे त्यांचे हिशेबनीस, डांडिया बाजारात राहणारे जुने मराठी गृहस्थ. घरी गौरी, म्हणून रजेवर. ते रजेवर गेले की कोटेशनं अडकतात, त्यामुळे रजा देताना शेठ कुरकुरायचे.

मी पोचायच्या आधी कोणीतरी शेठच्या मशीनवर आउटलुक काढून पुन्हा टाकून गेला होता. व्हायरसवरही संशय घेऊन झाला होता. एरर होती तीच होती: ५५०, रिले नॉट परमिटेड, म्हणजे मेल बाहेरच्या सर्व्हरकडे पुढे पाठवायला मनाई. याचा अर्थ सर्व्हर सापडतोय, बोलतोय आणि चक्क नकार देतोय. अशा वेळी आउटलुक पुन्हा टाकून काय होणार? मी डिस्पॅचच्या ताईंच्या पीसीवरून एकदमच दोन मेल टाकले. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला टाकलेला गेला. अंकलेश्वरच्या पार्टीला टाकलेला आउटबॉक्समध्ये बसून राहिला.

ताई म्हणाल्या, "दादा, आता परत दाबा. पहिल्यांदा नाही जात, दुसऱ्यांदा जातो."

दाबलं. गेला.

"मी सगळ्यांना सांगते, तर हसतात मला."

मला मात्र तिथेच उलगडा झाला. १९८२ साली एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवायच्या पद्धतीचे, नियम ठरले तेव्हा मेल पाठवायला पासवर्ड लागतच नसे. पुढे स्पॅमवाल्यांनी धुमाकूळ घातला. पाठवतानाही पासवर्ड मागायची रीतसर सोय १९९९ मध्ये आली, पण जुन्या सेटिंगची गिऱ्हाइकं सांभाळायला मेल सर्व्हर चालवणाऱ्या बऱ्याच होस्टिंगवाल्यांनी एक मधला रस्ता चालू ठेवला होता. मेल उतरवताना तर पासवर्ड द्यावाच लागतो. मग ज्या आयपी ॲड्रेसवरून (इंटरनेटवरचा जोडणीचा पत्ता) आत्ताच कोणी मेल उतरवला, त्याला अर्धा-एक तास पाठवायचीही मुभा. सोसायटीचा वॉचमन एकदा चेहरा बघितला की पुढच्या फेरीला हटकत नाही, तसं.

आणि आउटलुकमध्ये एफ ९ दाबलं की ते आधी पाठवतं, मग उतरवतं. म्हणून पहिल्या वेळी नकार. त्याच दमात मेल उतरतो, मुभा मिळते आणि दुसऱ्या वेळी काम होतं. शेजारच्या मुलाचा मेल त्याच सर्व्हरवरचा, त्याला रिलेची गरजच नाही. ताईंचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

राहिले काका. मोठी ड्रॉइंगं उतरताना लाइन अडते म्हणून ऑफिसातल्या सगळ्या मशीनवरचं आपोआप मेल तपासणं बंद केलेलं होतं. काकांचं सोडून. काका आपल्या मशीनला कोणाला हात लावू देत नसत. ते दर पाच मिनिटांनी मेल तपासायचं, आणि सगळे पीसी एकाच राउटरमागे असल्यामुळे बाहेरून आयपी एकच. म्हणजे काकांचं मशीन अख्ख्या ऑफिसची परवानगी काढत होतं, आणि हे खुद्द काकांनाही ठाऊक नव्हतं.

ताईंकडे काकांचा पासवर्ड होता. मशीन चालू केलं, आउटलुक उघडलं, पाच मिनिटं थांबलो. शेठनी स्वतः जाऊन एक कोटेशन पाठवलं. पहिल्या फटक्यात गेलं. शेठ काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

दुरुस्ती किरकोळ होती. आउटलुकच्या मोअर सेटिंग्जमध्ये आउटगोइंग सर्व्हरच्या टॅबवर पासवर्डाची टिक सगळ्या मशीनवर केली आणि पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, २५ बदलून ५८७ टाकला, कारण २५ काही इंटरनेट कंपन्या अडवतात. त्याच टॅबवर ‘आधी इनकमिंगला लॉगिन करा’ असाही पर्याय असतो. त्यानेही मेल गेला असता. मला तो पटत नाही. मुभा आयपीला मिळते, माणसाला नाही. लाइन तुटून तोच आयपी दुसऱ्या कोणाला मिळाला तर थोडा वेळ दार त्याच्यासाठीही उघडं.

शेवटी काकांचं मशीन बंद केलं, मुभेची मुदत संपेपर्यंत चहा घेतला, आणि ताईंनी अंकलेश्वरला मेल टाकला. एकदाच दाबून. मग त्यांनीच काकांना फोन लावला. "काका, आता उद्याही नाही आलात तरी चालेल, मेल जातायत."

पलीकडून आवाज आला, "माझ्या मशीनला हात कोणी लावला?"