नेब्रास्कातली मातीच्या लाद्यांची घरं
1862 च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकेतल्या नेब्रास्कात वस्ती करणाऱ्याला 160 एकर जमीन मिळे, पण त्या गवताळ माळावर घर बांधायला लाकूड कुठलं? मग गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली जमीनच खास नांगराने पट्ट्यांत कापायची: रुंदी फूटभर, जाडी चारेक इंच. फावड्याने दोन-तीन फुटांचे तुकडे, म्हणजेच लाद्या. दिवसभरात रचता येतील तेवढेच कापायचे. वाळले की भुगा.

गवताची बाजू खाली, दोन लाद्या शेजारी-शेजारी, सांध्यावर सांधा येऊ न देता. दर दोन-तीन थरांनी एक थर भिंतीला आडवा. एका घराला बरीच जमीन सोलली जाई. खिडकीच्या चौकटीवर फट सोडून चिंध्या कोंबायच्या, नाहीतर भिंत खचताना काच तडकते.

खरं दुखणं छपराचं, तेही मातीचंच. पाऊस थांबला तरी आत चिखल ठिबकतच राही. छताखाली मांजरपाट ताणायचे ते हौसेने नव्हे. माती, कधी सापही, ताटात पडू नये म्हणून.