अंडी कशी हवीत?

न्यू जर्सीतल्या मराठी घरात भारतातून आई-बाबा आले, की नायगाराची वारी चुकत नाही. गाडी भल्या पहाटे निघते, डिकीत दशम्या नि दाण्याची चटणी असते, आणि तरीही मी नाश्त्याला डायनरच, म्हणजे इकडचं साधंसुधं हॉटेलच गाठतो. "घरचं असताना बाहेरचं कशाला रे?" या आईच्या प्रश्नावर माझ्याकडे धड उत्तर नाही. मला तिथे बसायला आवडतं, बस्स.

बाहेरून स्टेनलेस स्टीलचा लांबुळका डबा, आत काउंटर, फिरती स्टुलं आणि खिडकीशी लाल रेक्झिनचे बाक. बाबांनी बसण्याआधीच विचारलं, "रेल्वेचा जुना डबा आहे का हा?" अनेकांना तसंच वाटतं. पण जुनी डायनर बहुतेक कारखान्यातच तयार व्हायची. आमच्या न्यू जर्सीत एलिझाबेथ गावात जेरी ओमाहोनीची डायनर बनवणारी कंपनी होती, पॅटर्सनला 'सिल्क सिटी' नावाची डायनर बनायची. काउंटर-बिउंटर बसवलेलं अख्खं हॉटेल रस्त्याने किंवा रुळांवरून जागेवर न्यायचं, त्यामुळे रुंदी बेताचीच. समिट गावातलं १९३८ सालचं डायनर पाहिलं की हे लगेच कळतं. त्याआधी तर चाकांवरचाच धंदा होता. १८७२ साली प्रॉव्हिडन्समध्ये वॉल्टर स्कॉट (कादंबऱ्या लिहिणारा नव्हे) घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणं विकायला लागला. बाबांना हे सगळं आवडलं. आईला भूक लागली होती.

मेनूकार्ड म्हणजे प्लॅस्टिकमध्ये मढवलेलं जाडजूड बाड. इकडच्या डायनरचे मालक बरेचदा ग्रीक असतात, म्हणून त्यात मुसाका असतो, शिवाय स्पॅगेटी, ज्यूंचं मात्झो बॉल सूप आणि दिवसभरात कधीही मिळणारा नाश्ता. एवढं सगळं वाचून झाल्यावर जो तो दोन अंडी, टोस्ट आणि होम फ्राइज, म्हणजे परतलेले बटाटे मागवतो.

मग वेट्रेसची उलटतपासणी सुरू होते. अंडी कशी हवीत? उलटून की न उलटता? बलक पातळ की घट्ट? टोस्ट पांढऱ्या ब्रेडचा, गव्हाचा की रायचा? आपल्या उडप्याकडे सगळं पाठांतर वेटरचं असतं. तो एका दमात इडलीपासून म्हैसूर मसाल्यापर्यंत पोचतो आणि आपण मधला एखादा शब्द झेलायचा. इथे बोलायचं आपण, तेही सकाळी सात वाजता. बाबा म्हणाले, "तिला सांग, तुमच्याकडे करतात तशी." मी सांगितलं. ती हसून म्हणाली, "हनी, आमच्याकडे सगळ्या तऱ्हेची करतात."

तेवढ्यात आईने काउंटरपलीकडच्या तव्यावर बटाटे आणि डुकराचं बेकन शेजारी शेजारी परतले जाताना पाहिलं, आणि ती निमूटपणे टोस्ट-जॅमवर आली. तिच्या वाटणीचे होम फ्राइजही आमच्याकडे आले. कांदा घालून परतलेले, कडेने खरपूस बटाटे. मोहरी-हिंगाची फोडणी असती तर मी या देशाबद्दलच्या निम्म्या तक्रारी मागे घेतल्या असत्या.

कॉफी मात्र पाणचट, हे कबूल करायलाच हवं. पण ती गप्पांबरोबर तासभर प्यायची कॉफी आहे, एका घोटात झोप उडवणारी नव्हे. घोळ वेगळाच होतो. बाबांनी दूध घातलं, दोन साखरा घातल्या, ढवळलं, चाखलं, अजून जरा दूध घातलं. मनासारखी जमली. दोन घोट घेतात तोच ती बाई काचेचं भांडं घेऊन आली आणि न विचारता कप काठोकाठ भरून गेली. पुन्हा दूध, पुन्हा साखर. चव जमली, की बाई हजर.

"ही थांबत का नाही?" बाबा वैतागले.

"कपावर हात ठेवा, मग नाही ओतणार."

"आणि पैसे किती कपांचे?"

"एकाच."

बाबांनी आईकडे पाहिलं, कप जरासा पुढे सरकवला आणि म्हणाले, "नायगारा काय, दुपारपर्यंत वाहतोच आहे."